तीन हौद आणि एक बादली

मी एक जुनी कात्री आहे. तुमच्या करंगळीहून थोडी लांब, पुढे किंचित वाकलेली. शिंप्याच्या दुकानातल्या माझ्या थोरल्या बहिणी मला पाहून हसतील. पण मित्रांनो, मी कापड कापण्यासाठी जन्माला आलेच नव्हते.

माझा जन्म सियालकोटचा. तेव्हा ते गाव आपल्याच देशात होते आणि तिथले कारागीर डॉक्टरांची हत्यारे घडवीत. त्यांनी मला तापवले, ठोकले, पाणी पाजले आणि कानशीने घासून घासून असे केले की माझ्या दोन पात्यांमधून केससुद्धा निसटू नये. मग कापसात गुंडाळून मला आगगाडीने कलकत्त्याला पाठवले. तिथल्या एका दुकानातून मला डॉक्टर श्यामराव खांबेटे यांनी विकत घेतले.

डॉक्टर डोळ्यांचे होते. त्यांचे वडील नोकरीसाठी कलकत्त्यात आले आणि तिथलेच झाले. बालीगंजला त्यांचे घर होते, खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. रस्त्यावर बंगाली, दवाखान्यात हिंदी-इंग्रजी आणि जिन्याच्या वरच्या पायरीपासून मराठी. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याचे टाके कापणे हे माझे काम. टाका कापताना रोगी श्वास रोखून बसे आणि थोड्या वेळाने विचारी, "कधी काढणार?" डॉक्टर म्हणत, "काढला." त्या एका शब्दात मला जी शाबासकी मिळे, ती पुढे कधी मिळाली नाही.

पुढे डॉक्टरांचे हात थरथरू लागले. डोळ्याच्या डॉक्टरला ते लपवता येत नाही आणि त्यांनी ते लपवलेही नाही. एके दिवशी त्यांनी दवाखान्याची पाटी स्वतःच उतरवली. मला उकळून, पुसून, चष्म्याच्या जुन्या घरात ठेवले.

त्या घरातून मला बाहेर काढले ते त्यांच्या मुलीने. कालिंदी तिचे नाव. ती माशांचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी केंद्रात कामाला लागली होती. तिची मराठी जरा बंगालीच्या वळणाने जाई आणि तिची आई सरलाबाई ती जेवताना दुरुस्त करीत.

"बाबा, ही मला द्याल?" तिने विचारले.

"ही डोळ्याची कात्री आहे, बाळ. मासे कापायची नाही."

"कापायचे नाहीतच. इलिशच्या पिल्लाचा पर कातरायचा आहे. तेही डोळ्याइतकंच नाजूक असतं, बाबा. नुसता ओला हात लागला तरी खवले गळतात."

डॉक्टरांनी चष्म्याचे घर तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "रोज उकळायची. आणि ओली ठेवायची नाही."

अशी मी बजबजला आले.

बालीगंजहून लोकल गाडी पकडली की ती बजबजला जाऊन संपते. तिथे तागाच्या गिरण्या आहेत, तेलाच्या मोठमोठ्या टाक्या आहेत आणि त्यांच्यामधून नदी समुद्राकडे जाते. नदीकाठच्या एका आवारात केंद्राने पत्र्याची शेड उभारली होती. शेडखाली तीन गोल हौद होते. एक पंप रात्रंदिवस नदीचे पाणी त्यांत खेळवीत असे.

मित्रांनो, इलिश तुम्हाला ठाऊक असेल. आपल्या कोकणात त्याला पाला म्हणतात. हा मासा वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात दूरवर चढून येतो. पिल्ले बोटभर झाली की प्रवाहाबरोबर पुन्हा समुद्राकडे निघतात. ती मोठी होऊन त्याच नदीत परत येतात की नाही, किती येतात, कधी येतात, हे कोणालाच नक्की माहीत नव्हते. वर नदीवर मोठा बंधारा बांधला जात होता. तो पुरा होण्याआधी माशांची वाट समजून घ्यायला हवी होती. त्यासाठी पिल्लांवर खूण करून त्यांना सोडायचे आणि पुढे जाळ्यात मोठा मासा आला की खूण शोधायची, असा बेत होता.

पण खूण करायची कशी?

केंद्राचे प्रमुख श्यामसुंदर लाहिरी यांचे म्हणणे होते की पिल्लाच्या पाठीतून चांदीची बारीक तार ओवून तिला नंबराचा बिल्ला अडकवावा. बिल्ला असला की प्रत्येक मासा वेगळा ओळखता येतो. त्यांनी बिल्ल्यांची पेटी परदेशातून मागवली होती आणि तार ओवायला एक पोकळ दाभणही. साहेब कामसू होते, रागीट नव्हते. हा बेत मंजूर करून घेण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

कालिंदीचे म्हणणे असे की बोटभर पिल्लाला तो बिल्ला झेपणार नाही. पोटाखालचा एक पर माझ्यासारख्या कात्रीने हलकेच कातरावा. नंबर मिळणार नाही, पण मासा जगेल.

"वाद कशाला?" लाहिरीसाहेब म्हणाले. "करून पाहू. एका हौदात तुमची कातरलेली पिल्लं, एकात बिल्ल्याची, एकात काहीच न केलेली. महिनाभरात कोणती किती जगतात ते दिसेल."

हे न्यायाचे बोलणे होते. कालिंदीला ते फार आवडले.

१९७० सालच्या हिवाळ्याच्या शेवटी काम सुरू झाले. कोळी जाळ्यातून पिल्ले आणून देत. कालिंदी पिल्लाला हातात घेतच नसे. ओल्या मलमलीच्या झोळीत त्याला पाण्याखालीच आडवे करी आणि माझी टोके हळूच आत घाली. एक चिमटीएवढा तुकडा पाण्यावर तरंगे आणि पिल्लू सुटे. शेजारच्या टेबलावर दाभणाचे काम चाले. तिथे पिल्लू बराच वेळ बाहेर राही. तार ओवून झाली की तिची टोके कापायला मलाच उचलीत. मित्रांनो, माझी पाती धातू कापण्यासाठी नव्हती. पहिल्याच दिवशी एका पात्याला खाच पडली. पण हत्याराला कोण विचारतो?

या शेडची राखण पंचानन हाजरा नावाचा माणूस करी. पन्नाशीचा, सडसडीत, कमी बोलणारा. कित्येक वर्षे तो तिथे हंगामी म्हणून राबत होता आणि आज ना उद्या कायम होऊ, या आशेवर होता. आवाराच्या भिंतीलगतच्या झोपडीत तो आणि त्याची बायको क्षांतमणी राहत. त्यांना मूलबाळ नव्हते. लाहिरीसाहेबांनी त्याला एकदा बजावले होते, "हे बिल्ले जहाजाने आले आहेत, पंचानन. एकेकाचा हिशेब द्यावा लागतो. नीट लक्ष ठेव." ते वाक्य त्याने मनात धरून ठेवले.

पहिले पंधरा दिवस ठीक गेले. बिल्ल्याच्या हौदात रोज काही पिल्ले उलटी होत. माझ्या हौदात कमी. तिसऱ्यात आणखी कमी. संध्याकाळी मला पुसताना कालिंदीचा हात हलका असे.

मग बंद आला. त्या वर्षी कलकत्त्यात काय काय चालले होते ते तुमच्या घरातली मोठी माणसे सांगतील. रस्त्यात बॉम्ब फुटत, भिंतींवर लाल अक्षरे उमटत, सरकार पडे. त्या दुपारी कोणी तरी ओरडत आले की उद्यापासून गाड्या बंद, आत्ता निघा. कालिंदी घाईने निघाली. मी ट्रेमध्येच राहिले, हौदांच्या काठावर, तारेच्या तुकड्यांजवळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून जळाला आणि पंप थांबला.

मित्रांनो, तोवर त्या पंपाचा आवाज मला ऐकू येत नसे, इतका तो सवयीचा झाला होता. तो थांबल्यावर शेडमध्ये अशी शांतता झाली की पाण्यातले पिल्लू वळलेलेही कळावे. पंचानन विजेच्या ऑफिसकडे धावला. तिथे कुलूप होते. पोस्टाकडे धावला, तिथेही कुलूप. परत आला तेव्हा तिन्ही हौदांतली पिल्ले वर येऊन तोंडे उघडझाप करीत होती. इलिशला वाहते पाणी लागते. थांबलेल्या पाण्यात त्याचा जीव गुदमरतो.

त्याने बादली घेतली. घाटाच्या पायऱ्या उतरून नदीचे पाणी आणायचे आणि हौदात उंचावरून ओतायचे, म्हणजे पाणी घुसळते आणि त्यात हवा मिसळते. एक बादली पहिल्या हौदात, एक दुसऱ्यात, एक तिसऱ्यात. क्षांतमणीही घागर घेऊन आली. तिला दम्याचा त्रास होता. पाच-सहा खेपांत ती पायरीवर बसली. पंचानन एकटाच धावत राहिला. ओहोटी लागली, नदी खाली गेली, चिखल वाढला, पायऱ्या वाढल्या. तो तिसऱ्या हौदाशी पोहोचेपर्यंत पहिल्यातली पिल्ले पुन्हा वर येत.

दुपारी तो थांबला. बादली टेकवून तिन्ही हौदांकडे पाहत उभा राहिला.

"काय झालं?" क्षांतमणीने विचारले.

"तिघांना पुरत नाही," तो म्हणाला. "तिघांना घालत राहिलो तर तिन्ही मरतील."

"मग?"

त्याने बादली उचलली आणि त्यानंतर प्रत्येक खेप बिल्ल्यांच्या हौदात ओतली. साहेबांचा तोच हौद होता. त्यांतला एकेक बिल्ला जहाजाने आला होता.

माझ्या ट्रेशेजारीच माझा हौद होता. मी कातरलेली पिल्ले एकेक करून कुशीवर वळू लागली. त्यांची पोटे पांढरी, चांदीसारखी. मी काय करू शकत होते? मला हात नाहीत. मला उचलणारा हात असला तरच मी काही तरी असते. माझ्या पात्यांना फक्त उघडणे-मिटणे येते आणि तेही दुसऱ्याच्या बोटांनी. संध्याकाळपर्यंत दोन्ही हौद पांढरे झाले. पंचानन मात्र थांबला नाही. बंद उठून वीज परत येईपर्यंत तो पायऱ्या चढत-उतरत राहिला.

गाड्या सुरू झाल्या तशी कालिंदी आली. शेडच्या दाराशीच तिला वास आला. ती एका हौदावरून दुसऱ्यावर गेली आणि तिसऱ्यापाशी थबकली. तिथे पिल्ले पोहत होती. बरीच. पाठीवर बिल्ले चमकत होते.

थोड्या वेळाने लाहिरीसाहेब पोहोचले. त्यांनीही पाहिले.

"पंप बंद पडला होता, साहेब," पंचानन म्हणाला. एवढेच म्हणाला.

"तिन्ही हौदांचा?"

"एकच पंप आहे, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आश्चर्य आहे," ते म्हणाले. "मला स्वतःला वाटलं नव्हतं."

कालिंदीला विश्वासच बसेना. ज्यांच्यावर काहीच केले नव्हते ती पिल्ले मेली आणि ज्यांच्या पाठीतून तार गेली होती ती जगली, हे कसे? ती तशीच उभी होती. पंचाननने तिच्या हातात चहाचा पेला दिला तेव्हा तिचे लक्ष त्याच्या तळहातांकडे गेले. कातडी सोलून निघाली होती. मधे लाल मांस दिसत होते.

साहेब गेल्यावर तिने विचारले, "पंचाननदा, हाताला काय झालं?"

त्याने हात मागे घेतले. मग एकदम खाली बसला आणि सगळे सांगितले. सांगताना तो तिच्याकडे पाहत नव्हता, मेलेल्या हौदांकडे पाहत होता.

"दिदीमणी, तीन हौद होते आणि मी एकटा. पण हे कोण ऐकणार? म्हणतील, दोन हौद तू मारलेस. माझी नोकरी पक्की नाही. ही आजारी. तुमच्या पाया पडतो, माझं नाव घेऊ नका."

"उठा आधी," कालिंदी म्हणाली. "मी तुमचं नाव घेणार नाही."

तिने शब्द दिला, मित्रांनो. आणि त्या शब्दाने ती बांधली गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर ती म्हणाली, "सर, हा निकाल धरू नये. पंप बंद पडला होता."

"तिन्हींसाठी बंद पडला होता," साहेब शांतपणे म्हणाले. "मग तुलना बरोबरच राहिली. उलट ही जास्त कडक परीक्षा झाली, मिस खांबेटे."

"पुन्हा एकदा करून पाहू."

"पाणी तापू लागलंय. पिल्लं समुद्राकडे निघाली. हा हंगाम गेला तर पैसे परत जातात आणि वरचा बंधारा आपल्यासाठी थांबत नाही. तुमच्याकडे काही कारण आहे का? ठोस कारण?"

पंचानन दाराशी फायली घेऊन उभा होता. कालिंदीने मान वळवली नाही. ती एवढेच म्हणाली, "नाही, सर."

त्या दिवशी मी तिच्या पिशवीत घरी आले. जेवताना सरलाबाईंनी वाढलेले तिने तसेच ठेवले आणि वडिलांना सगळे सांगितले.

"मी सांगितलं तर त्याची नोकरी जाते. नाही सांगितलं तर हजारो पिल्लं दाभणाखाली जातात. बाबा, मी काय करायला हवं होतं?"

डॉक्टरांनी आपल्या थरथरत्या हातांकडे पाहिले. "मला माहीत नाही, बाळ," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही."

सरलाबाई म्हणाल्या, "तिला धीर द्यायचा तर हे काय बोलणं?"

"खोटा धीर कशाला देऊ? तिला तो ओळखता येतो."

आठवड्याभरात अहवाल वर गेला आणि घाटावर काम सुरू झाले. आता कातरणे नव्हते. सकाळपासून दाभण चाले आणि तारेची टोके कापायला मी. एकामागून एक, एकामागून एक. माझी पाती इतकी बोथट झाली की शेवटी तार कापली न जाता चेपली जाई. भरलेली घमेली उचलून पिल्ले नदीत सोडण्याचे काम पंचाननचे होते. तो गुडघाभर पाण्यात उतरे, घमेले हळूच कलते करी आणि पिल्ले कुठे जातात ते पाहत राही. काही जात. पुष्कळशी थोडे पुढे जाऊन कुशीवर वळत आणि पांढरी होऊन काठाला परत येत. भरती-ओहोटीच्या रेषेवर, शेवाळ आणि तागाच्या धाग्यांमध्ये, बारीक बारीक बिल्ले चमकत.

कालिंदी ते पाही. पंचाननही पाही. दोघे एकमेकांशी बोलत नसत.

चौथ्या की पाचव्या दिवशी पंचानन भरलेले घमेले घेऊन पायऱ्या उतरला, मधेच थांबला आणि तसाच परत वर आला. घमेले त्याने लाहिरीसाहेबांच्या पायाशी ठेवले.

"साहेब, मी बादलीने पाणी घातलं होतं," तो म्हणाला.

"कुठे? कधी?"

"बंदात. तुमच्या हौदात. फक्त त्याच हौदात. बाकीच्या दोघांना नाही घातलं. मला पुरलं नाही, साहेब."

साहेब हळूहळू पायरीवर बसले. जवळची माणसे काम सोडून पाहू लागली. कालिंदीच्या हातातली मी ट्रेमध्ये पडले.

"हे तू तेव्हा का सांगितलं नाहीस?"

"नोकरी जाईल म्हणून."

"आणि आता जाणार नाही?"

"जाईल, साहेब. पण यांना रोज नदीत मीच सोडतो."

साहेबांनी कालिंदीकडे पाहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो, सर."

त्यांनी दाभण हातात घेतले, त्याची नळी उगाच पुसली आणि पेटीत ठेवले. "आज काम बंद," ते म्हणाले. त्यांचे केस त्या दिवशी मला अधिकच पांढरे दिसले.

लाहिरीसाहेबांनी अहवाल परत मागवला. हे करणे सोपे नव्हते, मित्रांनो. एवढा खर्च झाल्यावर 'आमचे चुकले' असे वर कळवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पण वरून प्रश्न आला की चूक कोणाची? चौकशीला दोन अधिकारी आले. एका तासात ती संपली, कारण पंचाननने सगळे आपण होऊनच सांगितले. पंप सरकारचा, ट्रान्सफॉर्मर सरकारचा, बंद कोणाचा ते कोणीच सांगू शकत नव्हते. बादली तेवढी पंचाननची होती. त्याला कामावरून कमी केले.

साहेब त्याच्यासाठी भांडले. कालिंदी शहरातल्या मोठ्या ऑफिसात जाऊन बसली. तिथल्या गृहस्थांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि नम्रपणे सांगितले, "बाई, हंगामी माणसाच्या बाबतीत कोणालाच काही करता येत नाही." परतताना लोकलमध्ये मी तिच्या पिशवीत होते आणि पिशवी तिने छातीशी धरली होती.

पंचाननला आवारातली झोपडी सोडावी लागली. तो आणि क्षांतमणी गिरणीमागच्या वस्तीत राहायला गेले.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांनी पुन्हा तीन हौद भरायला परवानगी मिळवली. मला सहाणेवर धार लावली गेली, पण खाच राहिलीच. पंचाननच्या जागी नवा पहारेकरी आला होता. तरुण, हसतमुख. एके दुपारी कालिंदी स्टेशनवर कोणाला आणायला गेली असताना पंप बंद पडला. पहारेकरी झाडाखाली झोपला होता. जाग आल्यावर तो धावत आला, पंप सुरू केला, पाणी हलू लागले, आणि वर आलेली काही पिल्ले पुन्हा खाली गेली. काही गेली नाहीत. ती त्याने झटपट काढून नदीत फेकली.

कालिंदी परतली. हौदाच्या भिंतीवर पाणी खाली गेल्याची ओली रेघ होती.

"पंप बंद पडला होता का?" तिने विचारले.

"नाही, दिदीमणी."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"नाही, दिदीमणी," तो पुन्हा म्हणाला. सरळ तिच्या डोळ्यांत पाहून.

मी ट्रेमध्ये होते. मी सगळे पाहिले होते. या वेळीही मी फक्त पडून राहिले.

कालिंदी त्याला काही बोलली नाही. साहेबांना मात्र म्हणाली, "त्याला दोष कसा देऊ, सर? खरं सांगितल्यावर काय होतं ते त्याने ऐकलंय."

तिने सगळे हौद रिकामे केले आणि नव्याने भरले. आणि तेव्हापासून ती शेडमध्येच राहू लागली. ती जेवायला किंवा झोपायला गेली की हौदांपाशी एक म्हातारे गृहस्थ वेताच्या खुर्चीत बसत. ते डॉक्टर श्यामराव होते. सरलाबाईंनी दिलेला डबा मांडीवर घेऊन ते लोकलने येत. हात थरथरले तरी कान चांगले होते. पंपाचा आवाज जरा बदलला की ते काठी आपटून हाक मारीत.

त्या वर्षी खरा निकाल लागला. बिल्ल्याची पिल्ले सगळ्यांत जास्त मेली. माझी बहुतेक जगली. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण कालिंदी एका सकाळी पिल्लू झोळीत घेऊन कितीतरी वेळ निरखत राहिली. मी कातरलेल्या जागी नवा पर फुटत होता. आणखी काही आठवड्यांत तो पुरा आला. त्या पिल्लाला कातरले होते की नाही, हे आता कोणालाही सांगता आले नसते. जी खूण टिकत होती ती जीव घेत होती. जी जीव घेत नव्हती ती टिकत नव्हती.

कालिंदीने तसेच लिहिले. दोन्ही रीती या पिल्लांसाठी निरुपयोगी आहेत, असे. साहेबांनी त्याखाली सही केली. त्या केंद्रात इलिशच्या पिल्लांना बिल्ले लावणे बंद झाले. पेटी कपाटात गेली. पिल्लांची वाट मात्र न समजलेलीच राहिली आणि पुढे चार वर्षांनी वरचा बंधारा पुरा झाला.

निकालानंतर एका रविवारी कालिंदी गिरणीमागच्या वस्तीत गेली. पंचानन आता नदीपलीकडे जाणाऱ्या नावेवर दोर ओढण्याचे काम करीत होता. क्षांतमणी घरी बसून पोती शिवीत होती. तिने कालिंदीला चटईवर बसवले आणि वाटीत मुरमुरे दिले.

"पंचाननदा, बिल्ले बंद झाले," कालिंदी म्हणाली. "तुम्ही बोललात म्हणून झाले. आता एकाही पिल्लाला लावणार नाहीत."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याला खरेच बरे वाटलेले दिसले. मग त्याने विचारले, "आणि माझं काम, दिदीमणी?"

कालिंदी मुरमुऱ्यांच्या वाटीकडे पाहत राहिली. क्षांतमणी दाताने सुतळी तोडत होती. कालिंदीने पिशवी उघडली आणि मला क्षांतमणीपुढे ठेवले. द्यायला तिच्याजवळ तेवढेच होते.

तेव्हापासून मी इथेच आहे, मित्रांनो. पोत्यांची सुतळी माझ्यासारखीला झेपत नाही. क्षांतमणीचे ब्लाऊज, पंचाननचा सदरा, शेजारच्या मुलांची गणवेशाची बटणे, यांचे धागे मी कापते. माझा मधला खिळा सैल झाला आहे. दमट हवेने गंज चढतो. कधी आठवण झाली की क्षांतमणी मोहरीच्या तेलाचा थेंब सोडते आणि मी दोन दिवस सुखाने उघडमीट करते. हत्यारे पुसून ठेवा, ओली टाकू नका, हे मी तुम्हाला सांगायलाच हवे, कारण ते खरे आहे.

पण दुसरे एक मागणे अधिक मोठे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माणसे असतील. त्यांच्यापैकी कोणी तरी कधी समोर येऊन म्हणेल, "मला पुरलं नाही." त्याच्या तळहातांकडे एकदा पाहा. आणि त्याला कामावरून काढू नका. तुम्ही त्याला काढलेत तर त्याच्या जागी जो येईल, तो हसत तुमच्या डोळ्यांत पाहील आणि सांगेल की पंप चालूच होता.